मंगळवारची तार

जालना जिल्हा वेगळा झाला त्या वर्षी मी पोस्टात लागलो. आमचं गाव गोदावरीच्या अंगाला, घनसावंगीहून जीपनं अर्ध्या घंट्यावर. पोस्ट म्हणजे एक खोली, एक खिडकी आणि मी. टपाल, मनीऑर्डर, तार, सगळं त्या एकाच खिडकीतून चालायचं. त्यातलं तारेचं काम मला फार आवडायचं. यंत्रावर बोट दाबून एकेक अक्षर पाठवायचं, आणि खिडकीबाहेरचे लोक तोवर गप उभे. मोठमोठे बागायतदार माझ्यापुढं अदबीनं उभे राहायचे. मला तेही आवडायचं, कशाला लपवू?

तारा कसल्या असायच्या म्हणाल, तर निम्म्या तारांमध्ये कुणाची तरी आई सिरीयस असायची. गावची पंधरावीस पोरं फौजेत होती आणि त्यांना रजा मिळायची मारामार. बहिणीची सोयरीक असो, वावराची मोजणी असो, नाहीतर चुलत्याशी बांधावरून डोकी फुटलेली असोत, पोराला बोलवायला तार एकच: "मदर सिरीयस, स्टार्ट इमिजिएटली." चार शब्द, सगळ्या गावाला पाठ. ज्याला सही येत नव्हती त्यालाही ते इंग्रजी येत होतं.

एक बाई तर स्वतःच आली. डोक्यावर गवताचा भारा. म्हणाली, "लिवा बाबू, मी सिरीयस हाय म्हून."

मी म्हणलो, "मावशी, मंग भारा तरी खाली ठिवा की."

"पोरगं आल्यावर ठिवीन," ती म्हणाली आणि भाऱ्यासकट उभी राहिली. मी तार पाठवली. पोरगं चौथ्या दिवशी आलं. त्याच्या साहेबालाही कळत असणार, पण आई म्हणल्यावर नाही कोण म्हणतो?

मी घरी येऊन हे सगळं रंगवून सांगायचो आणि मायला हसू आवरायचं नाही. आपण असल्या भानगडीत पडणारी माणसं नाही, आपण शिकलेली, असा माझा तोरा होता.

माझा धाकटा भाऊ माझ्याहून पाच वर्षांनी लहान. तो विमानदलात गेला, तिथून पुढं कसल्या कसल्या परीक्षा देऊन दक्षिणेत एका विमानाच्या कारखान्यात चाचणीचा वैमानिक झाला. गावात त्याला सगळे विमानाचा ड्रायव्हर म्हणायचे. तो कधी चिडला नाही. सुट्टीवर आला की पारावर बसून लोकांना समजावून सांगायचा, आणि लोक ऐकून घेऊन परत विचारायचे, "मंग मुंबईला कितीदा जातोस?"

काम असं होतं. कारखाना नवीन विमान बनवतो. ते विकायच्या आधी सरकारची मंजुरी लागते, आणि मंजुरी कागद बघून मिळत नाही. कुणीतरी ते उडवून दाखवायचं असतं. सरळ उडवून भागत नाही. जेवढं वाकडं होऊ शकतं तेवढं मुद्दाम करायचं आणि त्यातून विमान सुटतं का ते पाहायचं.

एकानं त्याला म्हणलं, "नवं इमान म्हंजे चांगलंच असंल की. आमच्या जुन्या टॅक्टरसारखं थोडंच हाय?"

भाऊ म्हणाला, "काका, जुन्या ट्रॅक्टरची खोड तुम्हाला माहीत हाय. नव्याची कुणालाच माहीत नसती."

त्या वेळी तो ज्या विमानावर होता ते लहान होतं, दोन माणसांचं, शिकाऊ पोरांसाठी. "शिकणारं पोरगं जेवढ्या चुका करू शकतं," तो म्हणायचा, "तेवढ्या सगळ्या मी आधी करून ठिवतो." मला त्याचं ते बोलणं आवडायचं. कौतुकही वाटायचं. भीती वाटायला अजून वेळ होता.

आदल्या वर्षी तो त्याच्या एका मित्राला घेऊन आला होता. मित्र उत्तरेकडचा, उंचापुरा, काम तेच, कारखाना तोच. मायला माताजी म्हणायचा. मिरचीचा ठेचा खाऊन त्याच्या डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, तरी ताट पुढं करून "और दीजिए". आमच्या खिल्लारी बैलाला मात्र जाम घाबरायचा. बैलानं मान हलवली की हा दोन पावलं मागं. माय पोट धरून हसली होती. "आरं, आभाळात जातूस आन बैलाला भेतूस व्हय?" त्याला ते हिंदीत सांगितलं तर म्हणाला, "माताजी, विमानाची माहिती माझ्या हातात असते. ह्याच्या मनात काय आहे ते कोण सांगणार?"

तर त्या वर्षी, उन्हाळा लागता लागता, भाऊ एकटाच आला. दुपारी माळवदावर बसलो होतो. खाली अंगणात माय शेवया वाळत घालत होती. मी सहज विचारलं की हल्ली काय चाललंय. त्यानं कडब्याची दोन धांडं ओढली, सोलली, आतल्या मऊ भेंडाचे तुकडे सालीच्या चोयट्यांनी जोडले आणि बघता बघता हातभर विमान केलं. नाकाला चिखलाचा गोळा लावला. मग उभा राहून ते आडवं गरकन सोडलं. विमानानं दोन गिरक्या घेतल्या, नाक खाली केलं आणि सूर मारून गोठ्याजवळ जाऊन पडलं.

"ही गिरकी बरी," तो म्हणाला. "नाक खाली हाय, वेग हाय. गिरकीच्या उलट्या बाजूचं पायडल दाबलं, दांडा पुढं केला, की सुटतं."

मग खाली जाऊन त्यानं ते उचलून आणलं, चिखल नाकावरून काढून मागं शेपटीकडं लावला आणि परत सोडलं. ह्या वेळी नाक खाली गेलंच नाही. विमान आडवंच्या आडवं, संथ, ताटासारखं फिरत फिरत खाली गेलं आणि मायच्या शेवयांवर पडलं. कोंबड्या कलकलाट करत पळाल्या.

"आन ही?" मी विचारलं.

"ही वाईट. शेपटीला वाराच भेटत न्हाई. मंग पायडल कितीबी दाबा."

माय शेवयांतून ते भेंड उचलून वर बघत होती. "आन ह्याच्यात तू बसतूस?"

"माय, आधी मी बसतो म्हणून तर मागून बसणाऱ्या पोरांचं नीट व्हतं."

मग त्यानं मला सावकाश सांगितलं, कारण माझं तोंड उतरलेलं त्याला दिसलं असावं. एकदम कुणी काही करत नाही. आधी अर्धी गिरकी. खाली उतरायचं, काय जाणवलं ते लिहायचं. मग एक. उतरायचं, लिहायचं. मग दोन. वजन थोडं थोडं मागं सरकवायचं. मंजुरीला सलग सहा गिरक्या, म्हणजे सहा फेऱ्या, लागतात, आणि त्यातून दीड फेरीच्या आत विमान सुटायला पाहिजे. शेपटीत एक लहान पॅराशूट असतं, अडकलं तर तेही उघडता येतं. दोन वर्षं झाली, तो असा एकेक फेरी चढत होता. वजन सगळ्यात मागं ठेवून तीन फेऱ्या झाल्या होत्या. चार, पाच आणि सहा राहिल्या होत्या.

"उतरलं की चहाच्या आधी लिहायचं," तो म्हणाला. "पायाला, हाताला काय कळलं ते. मागून लिहू म्हणलं की गेलं. आणि जसंच्या तसं लिहायचं. आपली चूक असली तरी. त्या कागदावर माझी सही असती, दादा. त्या सहीवर उद्या कुणाचं तरी पोरगं बसणार."

"पण धोका हाय न्हाई का?"

"हाय की. पण मोजून मापून हाय."

तो गेला. मायनं ते भेंडाचं विमान चुलीत घातलं. माझं मात्र डोकं फिरलं. खिडकीत बसलो की मला ते आडवं फिरत खाली जाणारं दिसायचं. भाऊ म्हणजे माझा जीव की प्राण, असं मी कधी बोलून दाखवलं नाही. आमच्यात तसं बोलत नाहीत. पण वडील गेले तेव्हा तो आठ वर्षांचा होता आणि त्याला मी वाढवलेला होता.

महिन्याभरानं त्याचं पत्र आलं. शनिवारी चौथी फेरी, आणि पुढच्या आठवड्यात शेवटच्या, सरकारी अधिकारी येणार आहेत, ते झालं की मंजुरी. पत्र मला शनिवारी सकाळीच मिळालं. मी ते दोनदा वाचलं. मग फॉर्म ओढला आणि लिहिलं: मदर सिरीयस, स्टार्ट इमिजिएटली. खिडकीबाहेर कुणी नव्हतं. मीच गिऱ्हाईक आणि मीच तारबाबू. माझा हिशेब असा की तो आला म्हणजे आठ-दहा दिवस त्याला अडकवून ठेवायचं. सरकारी अधिकारी थोडेच थांबणार आहेत? दुसरा कुणी ते काम उरकेल.

घरी येऊन मायला सांगितलं तर ती भडकलीच. "मुडद्या, माझ्या जित्तेपणी मला मरणाच्या दारात बसवलंस? तुझी जीभ झडली न्हाई?" तासभर मला शिव्या घातल्या. मग उठून आतल्या खोलीत स्वतःच अंथरूण घातलं. तिलाही पोरगं घरी पाहिजेच होतं. गावच्या डॉक्टरनं काही न विचारता सलाईन लावलं. त्याच्याकडं कुणीही गेलं तरी तो सलाईनच लावायचा.

भाऊ सोमवारी दुपारी पोचला. मायच्या उशाशी बसला, तिचा हात हातात धरून. मायनं डोळे मिटून घेतले आणि बरं वाटतंय म्हणाली. मी बाहेरच्या बाहेर सटकलो.

मंगळवारी बाराच्या सुमाराला तो पोस्टाच्या खिडकीत येऊन उभा राहिला. दोन्ही हात कंबरेवर.

"माय भाकरी करून राह्यली," तो म्हणाला. "सलाईनची सुई हाताला तशीच, आन दुसऱ्या हातानं भाकर थापून राह्यली. मला म्हणती, तुला उपाशी कसा ठिवू?"

मी खाली मान घालून शिक्के पुसायला लागलो.

"तूच केली ना ही तार?"

"हो."

"काहून?"

"ते शेवटच्या फेऱ्यांचं तू करू न्हाईस म्हणून. बस झालं आता. दुसरी माणसं मेली का तिथली?"

मला वाटलं तो मला खिडकीतून बाहेर ओढील. तो हसायलाच लागला. "अशा किती केल्या असशील रे लोकांच्या! आता आपल्याच घरची केली." मग जरा गंभीर झाला. "दादा, मी उद्या सकाळी निघतो. विमान ठेवून आलोय. शनिवारी उतरलो तर हातात तुझी तार, 'लगेच निघ'. लिहायलासुद्धा बसलो न्हाई. तस्साच स्टेशनवर गेल्तो."

तो हे बोलत असतानाच यंत्र वाजायला लागलं. मी अक्षरं उतरवून घेतली. तार भावालाच होती, त्याच्या त्या उत्तरेकडच्या मित्राची. माताजी कशा आहेत. काळजी करू नको. बुधवारी सकाळी तुझं उड्डाण मी करतोय.

मी कागद त्याच्या हातात दिला. वाचता वाचता त्याच्या तोंडावरचं हसू गेलं.

"फॉर्म दे," तो म्हणाला. "जल्दी."

उभ्याउभ्याच त्यानं लिहिलं. मी वाचत होतो. शनिवारी चौथ्या फेरीत डावं पायडल ढिलं लागलं. चारच्या पुढं जाऊ नका. मी येईपर्यंत थांबा.

"हे काय हाय?" मी विचारलं.

"शनिवारी पायाला कळलं होतं. वाटलं, माझाच पाय घसरला असंल. गाडीत बसल्यापास्नं इचार करून राह्यलोय. पाय घसरला न्हवता. हे मी लिहायला पाहिजे होतं, तर मी तार घेऊन पळालो. त्याच्या हातात जो कागद हाय त्याच्यात हे न्हाईच. पाठव."

मी यंत्राकडं वळलो. पहिली दोन वाक्यं पाठवायला माझी काही हरकत नव्हती. तिसऱ्यानं माझा हात धरला. मी येईपर्यंत थांबा. ही तार पोचली तर ते थांबणार. थांबले की हा जाणार, आणि ते ढिलं पायडल दाबायला ह्याचाच पाय असणार. मी इतकं सगळं करून त्याला तिथून उचलून आणला होता, आणि तो माझ्याच हातून परत त्याच खुर्चीत जाऊन बसत होता.

तिसरं वाक्य गाळून पाठवायचं मला सुचलं नाही. आज कुणालाही सुचेल. मी दहा वर्षं शब्दन्‌शब्द बराबर पाठवलेला माणूस, मजकुरातला शब्द गाळणं माझ्या डोक्यातच येत नव्हतं. अख्खी तार दाबून ठेवणं मात्र आलं.

"लाइन गेली," मी म्हणलो.

"आत्ता तर चालू व्हती!"

"आत्ता गेली. तिकडं खांबाचं काम चालू हाय."

"मंग मी जालन्याला जातो. तिथून ट्रंककॉल लावतो."

"जालन्याला पोचेस्तोवर चार वाजतील. पुढं कॉल लागला तर लागला. घंट्याभरात येती लाइन. तू मायपाशी बस, उद्या परत जाणार हाईस. मी पाठवतो की."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. "नक्की ना, दादा?"

"आरं, माझं कामच हाय ते."

तो गेला. नुकताच खोटेपणात पकडला गेलेला माणूस लगेच दुसऱ्यांदा खोटं बोलणार नाही, असं त्याला वाटलं असावं. किंवा मोठा भाऊ म्हणून त्यानं विश्वास ठेवला. मी फॉर्म रजिस्टरखाली सारला. वेळेचा रकाना कोरा ठेवला.

संध्याकाळी घरी गेलो तर तो वाटच बघत होता. "गेली का?"

"गेली. साडेतीनला."

तो दोन भाकरी खाऊन निवांत झोपला. मित्राची मला आठवण आली नाही असं नाही. आली. पण मी मनाची समजूत घातली: तोही तेच काम करतो, त्यालाही शेपटीत पॅराशूट आहे, मोजून मापूनच तर असतं. भावानं मला जे सांगून धीर दिला होता ते सगळं मी त्याच्या मित्राला लावून टाकलं.

बुधवारी सकाळी नऊच्या जीपनं भाऊ निघाला. मायनं दृष्ट काढली. सलाईन गेलं उकिरड्यावर. मी पोस्ट उघडलं, फॉर्म रजिस्टरखालून काढला, वेळेच्या रकान्यात सकाळचे दहा वाजून पाच मिनिटं असं लिहिलं आणि तार पाठवून दिली. आता भाऊ गाडीत आहे, तिकडं काम उरकलं असेल, कुणाचं काही बिघडलं नाही, असं मला खरोखर वाटत होतं. मी चहासुद्धा मागवला.

दीड वाजता भावाच्या नावानं तार आली. मी सवयीनं एकेक अक्षर मांडत गेलो आणि अर्ध्यात कळलं की काय येतंय. सकाळी साडेआठला अपघात. पाचव्या फेरीत विमान सुटलं नाही. शेपटीतलं पॅराशूटही कामी आलं नाही. मित्र उशिरा बाहेर पडला, त्याचं स्वतःचं पॅराशूट पुरतं उघडायला उंची उरली नव्हती. इस्पितळात आहे, स्थिती गंभीर. लगेच ये.

भाऊ केव्हाच जालन्याला गाडीत बसला होता. तार द्यायला घरी माणूस नव्हता. मी ती हातात धरून बसून राहिलो. बाहेर एक म्हातारा पोस्टकार्ड मागत होता. मी त्याला दोनदा आंतर्देशीय दिलं.

मित्र वाचला. मणका मोडला होता. कमरेखालचं सगळं गेलं. पुढं सगळं उघडून बघितल्यावर शेपटीकडं जाणारी पायडलची केबल सैल झालेली सापडली. जोर पडला की ओढच पोचायची नाही. कारखान्यानं ती बदलली, परत सगळ्या चाचण्या झाल्या, दुसऱ्याच कुणी केल्या, आणि विमानाला मंजुरी मिळाली. शिकाऊ पोरं त्यात बसली. म्हणजे काम पुरं झालं.

अपघाताची चौकशी बसली. दोन-तीन महिन्यांनी वरून आमच्या पोस्टाला पत्र आलं की अमुक तारेच्या फॉर्मची नक्कल पाठवा, स्वीकारल्याची वेळ स्पष्ट दिसली पाहिजे. मी नक्कल पाठवली. बुधवार, सकाळी दहा वाजून पाच मिनिटं. मूळ कागदावर जे होतं तेच पाठवलं. त्या दिवसापासून मी रोज टपालाच्या थैलीत माझ्या नावाचा लखोटा शोधायचो. बडतर्फी, पोलीस, काय वाट्टेल ते डोक्यात यायचं. माझी दोन्ही पोरं तेव्हा प्राथमिक शाळेत होती. लखोटा आला नाही. काहीच झालं नाही. त्याचंच मला फार भ्या वाटायचं.

भाऊ पावसाळा संपता संपता आला. पत्र नाही, काही नाही. जीपमधून उतरून सरळ पोस्टाच्या खिडकीत. वाळला होता. मी दार उघडून त्याला आत घेतलं आणि खिडकी लावली.

तो स्टुलावर बसला. पाणी पण घेतलं नाही.

"मला इचारलं त्यांनी," तो म्हणाला. "तुमचं म्हणणं तार मंगळवारी दुपारी दिली. पोस्टाचा कागद म्हणतो बुधवारी दहाला, म्हंजे अपघात झाल्यावर. खरं काय?"

मी टेबलावरचं रजिस्टर सरळ करून ठेवलं.

"कागद समोर ठिवला व्हता. तुझं अक्षर. पाचाचा आकडा तू कसा काढतोस ते मला लहानपणापासून माहीत हाय."

"मंग तू काय सांगितलं?"

"सांगितलं, माझीच चूक झाली. मंगळवारी द्यायची ठरवली व्हती, आईच्या आजारपणात राहून गेली. दिली बुधवारीच. लिहून दिलं तसं. सही केली."

"काहून असं केलंस? खरं सांगायचं व्हतं."

"मंग तू कुठं असतास? पोरं लहान हायत तुझी. आन मायला काय सांगायचं? त्यांनी मला काही केलं न्हाई. आई आजारी होती, माणूस हाय, म्हणाले. समजुतीनं घेतलं."

"आन तो? मित्र?"

"त्याला तेच सांगितलं. माझ्या ध्यानातून गेलं म्हणून. तो भिंतीकडं तोंड करून पडला. परत बोलला न्हाई."

मी म्हणलो की मी पत्र लिहितो, मी कळवतो, मी आत्ताच्या आत्ता लिहितो. तो म्हणाला, "आता लिहिलंस तर मी खोटी सही केली हे बी लिहावं लागंल." मी गप्प बसलो. गप्प बसायला मिळालं म्हणून सुटल्यासारखं वाटलं, हेही सांगून टाकतो. ते पत्र मी आजतागायत लिहिलेलं नाही.

मग तो म्हणाला, "मी चाचणीचं काम सोडलं."

"त्यांनी काढलं?"

"न्हाई. राहा म्हणत व्हते. पुढचं विमान माझ्याकडंच देणार व्हते. पण दोन वर्षांत शेकडो कागद लिहिले, दादा. एक शब्द इकडचा तिकडं न्हवता. आता एक कागद खोटा हाय. कोणता खोटा अन् कोणता खरा हे फक्त मला माहीत. अशा माणसाच्या सहीवर कुणाच्या पोरानं का म्हणून बसावं?"

पुढं तो जालन्यात आला. इतकी वर्षं झाली, एका पंपाच्या कारखान्यात तयार माल तपासायचं काम करतो. म्हणतात की त्याच्यासारखा तपासणारा माणूस नाही, हात लावला की खोट कळते. तपासून झालं की सही मात्र शेजारच्याला करायला लावतो. मालकानं दोनदा तीनदा डोकं आपटलं, मग सोडून दिलं. लोकांना तो त्याचा विक्षिप्तपणा वाटतो.

पण त्या दिवशी, त्या बंद खिडकीच्या आत, तो चाचणीचं काम सोडलं म्हणाला तेव्हा मला काय झालं ते मला लिहायचं आहे. मला वाईट वाटायला पाहिजे होतं. एक माणूस कायमचा अंथरुणाला खिळला होता. माझा भाऊ त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम सोडून, माझं पाप डोक्यावर घेऊन माझ्यासमोर बसला होता. आणि माझ्या छातीवरचा दगड उतरला. तो आता कधीच त्या विमानात बसणार नव्हता. जिवंत राहणार होता. मला आनंद झाला. मी तोंड फिरवलं, पण खोली केवढी, त्यानं पाहिलंच.

"खरं सांग," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "बरं वाटलं ना तुला?"

मी हो म्हणलो.

त्यानं मान हलवली, उठला, पिशवी उचलली आणि मायला भेटायला घराकडं गेला.